रवळनाथाच्या देवळाला स्लॅब घालायचं ठरलंय. पाडणारे परके नाहीत, आपणच आहोत

कातळावरचा

मंडळी, नमस्कार. बऱ्याच वर्षांनी स्वतः धागा काढतोय. लांबलंय, सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी परळला आमच्या गावाच्या मुंबई मंडळाची सभा होती. हिशेब झाला, वार्षिक सहलीवरून भांडण झालं, मग तिसरा विषय आला, ‘श्री देव रवळनाथ मंदिर जीर्णोद्धार’. इंजिनिअरने काढलेलं रंगीत चित्र भिंतीला चिकटवलेलं. उंच शिखर, आत ग्रॅनाइट, खांबांना पांढऱ्या टाइल्स, समोर पेव्हर ब्लॉक आणि गाड्यांना जागा. दीपमाळ कुठे दिसेना म्हणून जवळ जाऊन पाहिलं, तर तिच्या जागी एक छोटी निळी मोटार काढलेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

आता आहे ते देऊळ सांगतो. जांभ्याचं जोतं. गाभारा दगडी, बुटका, आत वाकूनच जावं लागतं. पुढचा सभामंडप सगळा लाकडी. फणसाचे सोळा खांब, प्रत्येकाच्या माथ्यावर उलटं केळफूल कोरलेलं, आणि एकाही केळफुलाच्या पाकळ्या दुसऱ्यासारख्या नाहीत. लहानपणी जत्रेला दशावतार पहाटेपर्यंत चालायचा तेव्हा मी डाव्या बाजूच्या तिसऱ्या खांबाला टेकून झोपायचो. त्या खांबाला माणसाच्या पाठीच्या उंचीवर गुळगुळीत खोलगट झालंय. किती पिढ्या टेकल्या असतील त्याला? देऊळ तीनशे वर्षांचं असल्याचं गावात सांगतात. लेख कुठे नाही, त्यामुळे त्यावर भांडत नाही.

या संस्थळावर दर महिन्याला ‘आपली संस्कृती धोक्यात’ असा एक तरी धागा निघतो. फटाके, दहीहंडीचे थर, शाडू की प्लास्टर, कुणीतरी सणावर काहीतरी बोलतो आणि आपण दोनशे प्रतिसादांचा पाऊस पाडतो. त्यात माझेही असतात, आणि त्यातल्या बऱ्याच मुद्द्यांवर मी आजही ठाम आहे. पण ज्या देवळात माझ्या आजोबांचं बारसं जेवले लोक, ते आम्हीच नारळ फोडून, हार घातलेल्या जेसीबीने पाडणार. तिथे कुणाला निषेध खलिता पाठवायचा?

पाडव्यानंतर गावात सभा आहे. तिथे उभं राहून काय बोलू, ते सांगा. ‘जुनं ते सोनं’ सोडून काहीही चालेल.

निवांत पाटणकर

फोटो टाका हो. फोटोशिवाय काय कळणार.

गुरवघर

फोटोत पाणी दिसत नाही, म्हणून लिहितो.

मी दुसऱ्या गावचा, पण देऊळ हुबेहूब असंच. माझे बाबा तिथे पूजा करतात, त्याआधी आजोबा करायचे. मागच्या आषाढात मी मोजली होती, सभामंडपात चौदा भांडी ठेवलेली. कळशी, टोप, रंगाचा डबा. रात्री दोन वाजता बाबा उठून ती ओतून येतात, कारण भरून वाहिली की पाणी गाभाऱ्याच्या उंबऱ्याकडे जातं. वय बहात्तर. दोन खांबांचे पाय वाळवीने खाल्लेत, बोट घातलं की भुसा पडतो. एक वासा गेल्या वर्षी भजनाच्या वेळी खाली आला. बुवांच्या पेटीवर पडला, डोक्यावर नाही, ही देवाची कृपा.

चाकरमानी गणपतीत आणि मे महिन्यात येतात. मे महिन्यात ते देऊळ फार सुंदर दिसतं, मलाही दिसतं. केळफुलांचे फोटो मीच काढून ठेवलेत. पण म्हाताऱ्या बाईला लघवीला जायचं तर दोनशे पावलांवर कातळाआड जावं लागतं, हे फोटोत येत नाही. देऊळ नांदतं आहे, त्याचं संग्रहालय करू नका. स्लॅबवाला निदान पाणी थांबवतो.

कोकणचो झील

गुरवघर, +१००

चुनखडी

दोघांच्या मध्ये बसतो थोडा. जुन्या बांधकामांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम आहे.

गुरवघर म्हणतात ते पाणी खरं आहे, पण ते छपराचं दुखणं आहे. त्यासाठी देऊळ पाडणं म्हणजे दात दुखतो म्हणून जबडा काढणं. कोकणातल्या अशा देवळांत गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते. आढ्यावरची कोनाची कौलं, दोन छपरं मिळतात ती पन्हळ, आणि कुणीतरी लाऊडस्पीकर किंवा पताका लावायला वर चढलेला असतो तिथली फुटकी कौलं. वाळवीने खाल्लेला खांबाचा पायही अख्खा खांब न काढता बदलता येतो. छपराला टेकू देतात, खराब भाग हातभर वर कापतात, त्याच जातीच्या पक्क्या लाकडाचा नवा पाय सांध्याने बसवतात आणि खाली दगडी उथळं ठेवतात, म्हणजे लाकूड जमिनीला लागत नाही. जोड दिसतो. दिसू द्यावा.

खरी भीती वेगळी. जांभा हा दगड पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. जुना चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंट थापलं की आत शिरलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, खार फुटतो, आणि दहा-पंधरा वर्षांत दगडाचा पिवळा भुगा होऊन गिलाव्यामागून गळायला लागतो. बाहेरून भिंत ठणठणीत दिसत असते. काळ्या दगडावर ऑइलपेंट मारतात त्याचंही तेच. पोपडे येतात, मग ते काढायला वाळूचा फवारा मारतात, आणि कोरीव कामाचे नाक-डोळे त्या वाळूबरोबर जातात. मी हे होताना पाहिलंय. जमलेले लोक ‘किती स्वच्छ झालं’ म्हणत होते.

आणि स्लॅब गळत नाही हा समज खाऱ्या हवेत जाऊन तपासा. किनाऱ्यालगतच्या गावांत १९९०च्या आसपास बांधलेल्या किती देवळांच्या स्लॅबखाली आज सळ्या उघड्या पडल्यात, ते मान वर करून बघा. गंमत म्हणजे बऱ्याच ठिकाणी त्या गळक्या स्लॅबवर आता पत्रा घातलाय.

चुन्याचं काम करणारे हात कमी झालेत, हे मात्र मान्य. चुना विझवून मुरवायला वेळ लागतो, त्यात गूळपाणी, हिरड्याचं पाणी, चुन्याच्या घाण्यात मळणं. कंत्राटदाराला हे परवडत नाही, त्याला गोणी फोडायची सवय. संयम असलेलं गाव लागतं.

जाता जाता एक. ज्या लाल मंगळुरी कौलांना आपण कोकणी परंपरा म्हणतो, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या जर्मन मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे हाताने थापलेले नळे, म्हणजे अर्धगोल कौलं होती. तेव्हाही एखादा म्हातारा ‘देवावर साहेबाची कौलं?’ म्हणून कुरकुरला असणारच.

देवळी

गोव्यातून लिहिते. धागाकर्त्याने सभेत इथल्या नार्वे गावच्या देवळाचं उदाहरण द्यावं.

श्री सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान दिवाडी बेटावर. ते पोर्तुगीज काळात पाडलं गेलं, देव नदीपार नार्व्याला आला. तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधवून घेतलं, तसा शिलालेख देवळाच्या दारावर आहे. हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना माहीत असतं. ते देऊळ मोडकळीला आलं तेव्हा गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याने जुनी घडण ठेवून त्याची दुरुस्ती केली आणि २०२३च्या फेब्रुवारीत ते पुन्हा उघडलं. उतरती कौलारू छपरं, लहानसा घुमट, दीपमाळ, सगळं जागेवर. महाराजांचं नाव घेऊन संगमरवर लावता आला असता. लावला नाही.

पण आमच्याकडेही सगळं असं नाही बरं का. कावीची चित्रं किती गेली त्याचा हिशेब नाही. कावी म्हणजे ओल्या चुन्यावर तांबड्या मातीचा थर देऊन तो ओला असतानाच कोरून काढायचा, खालचा पांढरा चुना दिसतो आणि चित्र होतं. भिंतीचाच भाग असतं ते, पुसलं जात नाही. त्यावर प्लास्टिक इमल्शनचे दोन हात मारले की संपलं. माझ्या आजोळच्या देवळात गरुड होता कावीतला. आता तिथे फिकट पिस्ता रंग आणि भिंतीवरचा पंखा आहे. देव वाचावेत म्हणून लोकांनी रात्रीत नदी ओलांडली, आणि त्यांचे नातू तांबडा रंग ‘डल दिसतो’ म्हणून पिस्ता लावतात. राग कुणाचा करायचा?

बाराखडी

धाग्याच्या सुराशी सहमत आहे, पण ‘पाडून बांधणं परंपरेविरुद्ध आहे’ असं सभेत म्हणू नका, तोंडघशी पडाल. जीर्णोद्धार हा आपल्या शिल्पग्रंथांत आणि पुराणांत रीतसर आलेला विषय आहे. देवाचं तेज कलशात काढून घ्यायचं, काम होईपर्यंत कलशाची पूजा करायची, मग पुन्हा प्रतिष्ठा. त्याला कलाकर्षण म्हणतात. म्हणजे वास्तू बदलेल हे गृहीतच धरलं आहे.

अहिल्याबाई घ्या. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये उभं केलं, वेरूळचं घृष्णेश्वर बांधवलं. त्यांनी यादवकालीन शैलीची नक्कल केली नाही, आपल्या काळात चालत होती ती मराठा बांधणी वापरली. मग आमच्या काळात चालते ती आरसीसी का नको, असं कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा. माझं उत्तर असं की त्यांनी त्यांच्या काळातलं सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत कसबी काम दिलं. आपण आपल्या काळातलं सर्वांत स्वस्त आणि झटपट काम देतो आणि वर सोनेरी रंग मारतो.

आणि कृपा करून देवळाला हेमाडपंती म्हणू नका. काळा दगड दिसला की हेमाडपंती, ही आपली सवय. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. अंबरनाथचं देऊळ १०६०चं, त्याच्या दोनशे वर्षं आधीचं. तरी पाटीवर हेमाडपंती.

उंबऱ्याबाहेर

वाचत होतो. लिहू की नको करत होतो.

तुमचा तो गुळगुळीत झालेला खांब फार छान लिहिलाय. माझ्या आजोबांनी आमच्या गावच्या देवळातला एकही खांब जवळून पाहिला नव्हता. जत्रेला आमची माणसं पिंपळाच्या पाराखाली उभी राहायची, दशावतार तिथूनच ऐकू यायचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पंढरपूरसाठी साने गुरुजी उपोषणाला बसले ते १९४७ साली. आमच्या गावात ही बातमी पोचायला आणखी तीस वर्षं लागली.

मग १९९८ मध्ये आमच्या गावात देऊळ पाडून नवं झालं. टाइल्सचं, अगदी तुम्ही वर्णन केलंय तसं. त्याला वर्गणी घरटी होती, आमच्याही घराची घेतली. पाटीवर वडिलांचं नाव आहे. कलशारोहणाला आई पहिल्यांदा सभामंडपात बसून जेवली. ते देऊळ दिसायला भिकार आहे, मलाही कळतं. पण त्यात कुणाची जागा कुठली हे आधीपासून ठरलेलं नव्हतं.

जुनं ठेवायला माझा विरोध नाही. फक्त सभेत बोलाल तेव्हा हे विचारा, की दुरुस्तीच्या समितीत मानकऱ्यांशिवाय कोण आहे.

कातळावरचा

उंबऱ्याबाहेर, दोन दिवस तुमचा प्रतिसाद उघडून ठेवला होता. उत्तर म्हणून काही नाही. गावच्या समितीची यादी मागवली. अकरा नावं, तीन आडनावं. आमचं एक त्यात.

गुरवघर, तुमच्या चौदा भांड्यांनंतर आमच्या गुरवकाकांना फोन केला. आमच्याकडे नऊ आहेत. मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं त्या देवळात जातोय.

टाळकुटे

मी भजनातला माणूस, पखवाज वाजवतो. कुणीच लिहिलं नाही ते लिहितो.

टाइल्सच्या देवळात भजन ऐकू येत नाही. आवाज येतो, शब्द येत नाही. लाकूड, मातीची सारवलेली जमीन, कौलं, हे सगळं आवाज थोडा पितं आणि थोडा परत देतं. बुवाने अभंगाचं चरण टाकलं की मागच्या म्हातारीला अक्षर न् अक्षर कळतं, माइक नको. तेच टाइल्स आणि स्लॅबमध्ये घुमतं. पखवाजाचा ‘धा’ भिंतीवरून दोनदा परत येतो, तोवर बुवा पुढे गेलेला. मग माइक लावतात, मग मोठा स्पीकर. मग बुवाही चाली बदलतो, ओरडून म्हणता येतील अशा घेतो. आमच्या पंचक्रोशीत विलंबित चाली जवळजवळ बंद झाल्यात, आणि माझ्या मते त्याला नुसती मोबाइलवाली पोरं जबाबदार नाहीत.

अटलांटिककाठी

मी न्यू जर्सीत असते. थोडं अपराधी वाटून लिहितेय, कारण ‘बाहेरचे पैसे’ म्हणजे मीच.

सासरच्या गावाहून फोन आला की देऊळ बांधतोय, आम्ही लगेच पैसे पाठवले. काय बांधताय, कसं, एक प्रश्न विचारला नाही. विचारणं उद्धटपणा वाटला. तीन वर्षांनी गेले तर आजेसासूबाईंच्या नावाची ‘स्मरणार्थ’ फरशी दाराशीच बसवलेली, येणारा-जाणारा तिच्यावर पाय देऊन आत जातो. त्या बाईने आयुष्यात कुणाला पायाशी बसू दिलं नव्हतं.

पाडून बांधायला पैसे मिळतात, कारण फरशीवर नाव लागतं. कौलं परतायला कोण देणार? कौलावर नाव लिहिता येत नाही.

चुनखडी

लिहिता येतं की. आतल्या बाजूला. वाळवीला वाचू दे.

निवांत पाटणकर

सरकारकडून काही होतं का? संरक्षित स्मारक वगैरे?

बाराखडी

होतं, पण फार आशा नको. १९६०च्या राज्य कायद्याखाली स्मारक संरक्षित घोषित करता येतं, पण गावोगावच्या देवळांपैकी त्या यादीत फारच थोडी आहेत. काही वर्षांपूर्वी राज्याने आठ प्राचीन मंदिरं निवडून कामाला घेतली, त्यात आपल्या बाजूचं राजापूरचं धूतपापेश्वर होतं, घाटावरचं खिद्रापूर, सिन्नरचं गोंदेश्वर. तुमच्या रवळनाथापर्यंत सरकार कधी पोचेल? विश्वस्त संस्था नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे जाता येईल, पण गावाशी कोर्टकज्जा करून देऊळ वाचवाल, तर दिवा लावायला तुम्ही एकटेच उराल.

उलट पंढरपूर सांगा. तिथे २०२४ मध्ये मागाहून बसवलेल्या फरश्या, ग्रॅनाइट काढून आतला मूळ दगड मोकळा केला. विठोबाच्या देवळातून जे मुद्दाम खर्च करून काढलं, ते आपण वर्गणी काढून लावतोय. वारकरी माणसाला हे एका वाक्यात कळतं.

संपादन मंडळ

पक्षीय राजकारणाचे चार प्रतिसाद काढले आहेत. देवळावर बोला.

कातळावरचा

सभा झाली. सविस्तर लिहितो, कारण तुमच्यातल्या प्रत्येकाचं काही ना काही तिथे बोललो.

पंढरपूर चाललं. नार्वे चाललं, महाराजांचं नाव आल्यावर मागची पोरं गप्प झाली. आरसीसीच्या सळ्यांचे शेजारच्या गावचे फोटो मोबाइलवर फिरवले, त्याने सगळ्यांत जास्त काम केलं. अहिल्याबाईंचा प्रश्न खरोखरच एकाने विचारला, बाराखडी, तुम्हाला साष्टांग.

समितीचा विषय काढला तेव्हा शांतता झाली. मग एक मानकरी म्हणाले, ‘ह्यो विषय आज नको.’ मी म्हटलं, आजच. माझ्या सख्ख्या चुलत्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही त्यानंतर. शेवटी दुरुस्ती समितीत चार नवी नावं आली, त्यात दोन बायका आणि वरच्या वाडीतले दोघे. वाडीतला एक जण गवंडी आहे, जांभ्यातला. त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात शेवटी आमच्या काकी उठल्या. वय शहाऐंशी, सभेत कधी बोलल्या नाहीत. म्हणाल्या, ‘स्लॅब घातल्यार पावसाचो आवाज खंयसून येतलो?’ आणि खाली बसल्या. लोक हसले. मग हसायचे थांबले.

तरी ठरेना. म्हणून आमच्या रीतीप्रमाणे देवालाच विचारायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरवकाकांनी ओले कळे लावले, म्हणजे मूर्तीच्या उजव्या-डाव्या बाजूला पाण्याने चिकटवले; कुठला आधी पडतो तो देवाचा कौल. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, ‘बा देवा रवळनाथा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत. तुझा घर मोडून नया बांधूचा असा आमच्या मनात इला हा. तुका मान्य असात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा.’ सगळे म्हणाले, ‘होय म्हाराजा!’

पाऊण तास दोन्ही कळे चिकटून. पंखा बंद. कुणी हलेना. तेवढ्यात कुणीतरी पुटपुटलं, प्रश्नच चुकलाय. मग प्रश्न बदलला, ‘आधी छप्पर दुरुस्त करूक दी.’ उजवा कळा गुरवकाकांचं वाक्य संपायच्या आत पडला.

बुद्धिवादी मित्रांनी दव, वारा, वजन काय म्हणायचं ते म्हणावं. मी तिथे होतो आणि माझ्या अंगावर काटा आला.

आता हिशेब. यंदा फक्त छप्पर आणि तीन खांबांचे पाय. दीपमाळ हलणार नाही. मागच्या बाजूला वेगळी जेवणाची शेड आणि दोन शौचालयं होणार, ती बिनधास्त सिमेंटची. मोठी रक्कम देणाऱ्या एका दात्याने नाव मागे घेतलंय, त्याला शिखर हवं होतं. टाइल्सचा विषय पुढच्या वर्षी परत निघणार, चिन्हं दिसतायत.

उंबऱ्याबाहेर

गवंड्याला मजुरी देणार ना? की ‘देवाचं काम’?

कातळावरचा

देणार. हे ठरावात लिहून घेतलंय.

गुरवघर

आमच्या बाबांना तुमचा सगळा धागा वाचून दाखवला. कळ्याच्या जागी थांबवून म्हणाले, ‘त्या गुरवाने पाणी किती लावलं होतं?’ आणि बराच वेळ हसत होते.

चुनखडी, खांबाचा पाय बदलणारा सुतार माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पावसाला सात आठवडे आहेत.

चुनखडी

व्यनि केलाय. तो चिपळूणचा आहे, फोन उचलत नाही, तीनदा करा. आणि लाकूड आत्ताच घेऊन ठेवा, ओलं लाकूड लावू देऊ नका त्याला.